नीलकंठाचा टिळा

वारासिवनीच्या रस्त्यावर पसरलेल्या खडीवरून माझी स्कूटी घसरली, घोट्याजवळचं हाड मोडलं आणि बालाघाटच्या डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घालून "अब आराम कीजिए मॅडम" असं सांगितलं. मी शाळेत गणित शिकवते. आराम हा विषय मी कधी शिकले नव्हते. मुलगी नागपूरला, नवरा मँगनीजच्या खाणीत शिफ्टवर. घरात मी, एक प्लास्टिकची खुर्ची आणि मागची बाल्कनी. मार्च लागला होता.

बाल्कनीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. मालक रायपूरला राहतो, त्यामुळे कॉलनीने तो प्लॉट कचरा टाकायला दत्तक घेतलेला. मधोमध शिंदीचं एक मेलेलं झाड होतं. आमच्याकडे त्याला छिंद म्हणतात. शेंडा केव्हाच गळून पडलेला, नुसता खोडाचा खांब उरलेला, आणि वरच्या टोकाशी एक भोक.

पहिल्यांदा आवाज ऐकू आला. गंजलेल्या हापशाचा दांडा कुणी भांडणाच्या भरात हलवावा तसा. मी वर पाहिलं तर एक पक्षी आकाशातून खाली कोसळत होता. कोसळताना डावीकडे कलंडायचा, उजवीकडे कलंडायचा, ओरडायचा. मी नवऱ्याला हाका मारल्या.

"अहो, या ना लवकर! पाखराले चक्कर आली वाट्टे!"

नवरा रात्रपाळी करून झोपला होता. डोळे चोळत आला आणि म्हणाला, "तो नीलकंठ हाये वं. दसऱ्याले आपण ज्याच्यासाठी गाडी काढून गावाबाहेर जातो ना, तोच. चक्कर नाई आली त्याले. पोरगी पाहून राह्यला तो."

मला खरंच लाज वाटली. दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणून आमची अख्खी कॉलनी दरवर्षी नटूनथटून धानाच्या बांधांवर मोटारसायकली फिरवते, आणि हा बाराही महिने आमच्या कचऱ्यावर राहत होता. दसरा सोडून त्याच्याकडे बघायचं असतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी रोज बघू लागले. तारेवर बसला की नीलकंठ कुणाच्याही खिजगणतीत न यावा असा मातकट, मान खांद्यात घातलेला, जेवणाच्या सुट्टीनंतर खुर्चीत रुतलेल्या बाबूसारखा. पण उडाला की शाळेच्या गणवेशाच्या दुकानात गडद निळ्या आणि आकाशी कापडाचे तागे एकदम उलगडावेत तसे त्याचे पंख दिसत. कंठ मात्र निळा नाहीच. तिथे फिकट जांभळ्या रेघा असतात. ज्याने त्याचं नाव ठेवलं, त्याने गडबडीत ठेवलं असणार. तो तारेवरून टपकन जमिनीवर उतरायचा, नाकतोडा उचलायचा, परत तारेवर जाऊन त्याला आपट आपट आपटायचा आणि मग जोडीदारणीपुढे धरायचा. ती दुसरीकडे बघायची. तो थांबायचा. ती आणखी दुसरीकडे बघायची. मग काहीतरी उपकार केल्यासारखी घ्यायची.

"काय वं, दिवसभर पाखरंच पाहून राह्यली का?" नवरा विचारायचा.

"पाहून राह्यले. अन् तुमाले सांगते, अंडी उबवायले दोघंही आळीपाळीनं बसतात. तो काई रात्रपाळी झाली म्हणून झोपत नाई."

त्या आठवड्यात नवरा खिचडी करायला शिकला.

प्लॉटच्या पलीकडे, आमच्या घराकडे तोंड करून, कॉलनीतलं सगळ्यात उंच घर आहे. ते कॉलनीच्या अध्यक्षांचं. ते सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. आता हाताखाली कुणी नाही म्हणून कॉलनीला हाताखाली घेतलेलं. त्यांना सगळे साहेब म्हणतात. एप्रिलच्या सुरुवातीला ते माझ्या पायाची विचारपूस करायला आले. चहाचा पहिला घोट घेतला आणि मुद्द्यावर आले.

"मॅडम, रविवारी जेसीबी बोलावून राह्यलो मी. तो ठूंठ काढून टाकतो. दाराच्या समोर मेलेलं झाड चांगलं नसते म्हणतात."

"साहेब, पण त्याच्यात नीलकंठाची अंडी हायेत."

कप ओठापाशीच थांबला. "नीलकंठ? सच्ची?"

"हौ. जोडी हाये. रोज पाह्यते मी."

ते उठून बाल्कनीत गेले, हात जोडले, आणि ज्या झाडाला दोन मिनिटांपूर्वी उखडणार होते त्याला नमस्कार केला. नीलकंठ त्या वेळी पाठ करून बसला होता. संध्याकाळपर्यंत खोडाला झेंडूचा हार पडला. आठवडाभरात खोडाभोवती सिमेंटचा ओटा, पाइपचा कठडा आणि रंगीत दिव्यांची माळ आली. कचराही उचलला गेला, हे मी मान्य करते. म्युनिसिपालटीला जे जमलं नव्हतं ते एका पक्ष्याने अंडी घालून केलं.

मी साहेबांना फोन केला. "साहेब, इतक्या जवळ नका जाऊ. पाखरं भितात. अंडी टाकून निघून जातील."

"मॅडम," ते फार प्रेमाने म्हणाले, "देवाले माणसाची काय भीती?"

पाखरं गेली नाहीत. पण पिल्लं बाहेर आली आणि नीलकंठाचा स्वभावच पालटला. खोडात चिरचिर आवाज सुरू झाल्या दिवसापासून नवरा-बायको दोघांच्याही अंगात आल्यासारखं झालं. कावळा दिसला की त्याच्यावर झेप, कुत्रा दिसला की त्याच्यावर झेप. एकदा तर स्वतःच्या दुप्पट मोठ्या घारीला त्यांनी बूढी वस्तीच्या रस्त्यापर्यंत पिटाळून लावलं. आणि एका सकाळी साहेब तांब्या आणि उदबत्ती घेऊन ओट्यावर आले, पाणी घातलं, उदबत्ती ओवाळली आणि जायला वळले.

मी बाल्कनीत चहा पीत होते. नीलकंठ तारेवरून सुटला तो सरळ साहेबांच्या टकलावर. टक्क असा आवाज मला इथवर ऐकू आला. साहेब खाली बसले. तांब्या गडगडत गेला. त्यांची बायको धावत आली.

"अवं माय! रक्त निघून राह्यलं ना!"

आता जेसीबी येणार, असं माझ्या मनात आलं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. साहेबांनी डोक्याला बोट लावलं, बोटावरचा लाल थेंब पाहिला, वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरला.

"टीका लगाया," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं, "नीलकंठ महाराजनं मले टिळा लावला!"

दुपारपर्यंत त्यांच्या टकलाचा फोटो प्रत्येक मोबाईलवर होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वॉर्डातले लोक आले. मग परसवाड्याहून, लामत्याहून मोटारसायकली यायला लागल्या. खैरलांजीहून बायका बसने आल्या, डबे घेऊन. सगळे ओट्यापाशी येत, टोपी-फेटा काढत, डोकं पुढे करून उभे राहत. साहेबांनी कठड्याला पाटी लावली : चप्पल बाहेर काढा, छत्री उघडू नका, डोक्याला तेल लावू नका. शेवटची सूचना का, ते मला कधी कळलं नाही. स्वतःला त्यांनी मुख्य सेवक म्हणून नेमून घेतलं. कठड्याशेजारीच पेढ्याचं दुकान लागलं.

गंमत अशी की डोकं पुढे करून उभ्या राहिलेल्यांकडे नीलकंठ ढुंकून बघत नसे. तो पाठमोऱ्या माणसावरच झडप घाली. माणूस तोंड करून उभा असला की तो तारेवर बसून ओरडायचा, आणि माणूस निराश होऊन वळला की मागून टक्क. मला हे दोन दिवसांत कळलं. साहेबांनाही कळलं, पण वेगळं कळलं.

"ज्याच्या मनात लालूच असते त्याले टिळा नाई लागत," ते रांगेला समजावून सांगत. "ज्यानं आशा सोडली, त्याले लागते."

लोक लगेच आशा सोडायचा सराव करू लागले. उभं राहायचं, आशा सोडल्यासारखा चेहरा करायचा, वळायचं, दोन पावलं जायचं, हळूच मागे बघायचं. मागे बघितलं की पक्षी थांबायचा. मग भांडणं. एका शेतकऱ्याला दोनदा टिळा लागला तर मागच्या माणसाने त्याला कठड्यापासून ओढलं. "एका माणसाले एकच! आमीबी दुरून आलो!"

या सगळ्यात माझा नवरा सापडला. रात्रपाळी करून, थर्मास हातात, झोपेने पेंगत तो जवळची वाट म्हणून प्लॉटातून येत होता. त्याने आशा सोडली होती की नाही मला माहीत नाही, झोप मात्र धरलेली होती. नीलकंठाने त्याला मागून असा ठोसा दिला की थर्मास सुटला. मी वरून ओरडले. तो डोकं धरून दारापर्यंत पोचेस्तोवर चार बायकांनी त्याचे पाय धरले होते.

"अवं, सोडा मले! स्पिरिट लावायचं हाये!"

"भाऊ, तुमचा हात माझ्या पोराच्या डोक्यावरून फिरवा फक्त," एक बाई म्हणाली. नवऱ्याने नाइलाजाने फिरवला. त्या वर्षी ते पोरगं नापास झालं असतं तर ती बाई आमच्या दारात आली असती. आली नाही, म्हणजे पास झालं असावं. मी कापूस स्पिरिटमध्ये बुडवून नवऱ्याच्या डोक्याला लावला आणि तो म्हणाला, "मी खाणीत हेल्मेट घालतो. कॉलनीत येऊन काढतो. उलटं करायले पाहिजे."

हसण्यासारखं होतं, पण माझं लक्ष खोडाकडे होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोडाखाली माणसं. नर-मादी चोचीत नाकतोडा, सरडा धरून तारेवर ताटकळत बसायची आणि आत पिल्लं ओरडायची. उन्हाने तार तापायची. एक दुपार तर अशी गेली की मादीने चोचीतला बेडूक तसाच धरून ठेवला, शेवटी टाकून दिला, आणि पिल्लांचा आवाजही बारीक झाला. मला जेवण गेलं नाही. दर घटकेला कान लावून बसायची, चिरचिर येते का म्हणून. पिल्लं भुकेने मरतील असं साहेबांना सांगून उपयोग नव्हता. मी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना बोलावून घेतलं.

"साहेब, एक विचारू का? देवळात दुपारी काय असते?"

"काय असते?"

"गाभाऱ्याचे पट बंद असतात ना? देवाले विश्रांती लागते. मग आपण आपल्या महाराजाले दिवसभर उभं काहून ठेवून राह्यलो?"

 साहेबांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, हे तर मोठं पाप होऊन राह्यलं होतं!"

त्याच दिवशी प्लॉटाला हिरवी जाळी लागली आणि तिच्यावर पाटी : भगवान विश्राम में हैं. जेवणापासून चहापर्यंत कुणाला आत सोडत नसत. पाटीवरचा अनुस्वार वाळायच्या आत मादी नाकतोडा घेऊन भोकात शिरली. तिच्यामागे नर. पुन्हा ती. मी बाल्कनीत बसून रडले, आणि नवरा आला तेव्हा पाय दुखतो म्हणून सांगितलं.

मेच्या अखेरीला प्लास्टर निघालं, मी काठी घेऊन चालू लागले. त्याच सुमारास पिल्लं बाहेर आली. आखूड शेपटीची, मळकट, चोच वासून बसलेली. कुंपणाच्या भिंतीवर, तारेवर, एक तर आमच्या टाकीवर. भोक रिकामं झालं तसा आईबापांचा राग उतरला. साहेब त्यांच्याखालून दोनदा गेले तरी कुणी हललं नाही. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. एक मोठे नेते टिळा लावून घ्यायला येणार होते.

मी जाऊन सांगितलं. "साहेब, आता तो कोणाले टोचणार नाई. पिल्लं उडाली. टोचायचा त्याचा टाइम संपला."

"मॅडम," ते मांडववाल्याला खुणा करत म्हणाले, "गणितवाल्यांनी गणित पाहावं."

नेते आले. पाच-सहा गाड्या, ढोल, गुलाल. त्यांनी टोपी काढली, डोकं झुकवलं, फोटोवाले सरसावले. नीलकंठ तारेवर बसून पिसं साफ करत होता. सगळे श्वास रोखून उभे. तो एकदा खाली झेपावला, गर्दीतून "आला आला!" असा आवाज उठला, आणि त्याने नेत्यांच्या बुटाजवळचा किडा उचलून परत तारेवर नेला.

साहेबांना घाम फुटला. ते नेत्यांच्या कानाशी लागले. "साहेब, जरा पाठ फिरवा. पाठ फिरवल्यावर येतो तो."

"पाठ?" नेते पुटपुटले. "सामने पब्लिक है."

"आशा सोडावी लागते, साहेब."

"चुनाव के पहले?"

तरी त्यांनी पाठ फिरवली. बराच वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि फोटोवाल्यांनी त्यांच्या पाठीचे फोटो काढले. काही झालं नाही. कार्यकर्त्यांना वाटलं की पक्ष्याला जागं करावं. त्यांनी घोषणा दिल्या, कठडा हलवला, मग दिव्यांची माळ धरून हलवली. माळ खोडाला गुंडाळलेली. खोड आतून पोकळ. ते आधी कुरकुरलं, मग अगदी सावकाश, सगळ्यांना बाजूला व्हायला वेळ देत, पेढ्याच्या दुकानावर आडवं झालं.

भोक रिकामं आहे हे मला ठाऊक होतं, तरी काठी टेकत मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. तारेवर, भिंतीवर, टाकीवर पिल्लं शोधली. सगळी होती. कुणाला लागलं नव्हतं. फुटलेल्या खोडातून मात्र घरट्यातला सगळा ऐवज ओट्यावर सांडला होता : भुंग्यांची टरफलं, बेडकांची हाडं, सरड्याच्या शेपट्या, पिल्लांची घाण, आणि अशी दुर्गंधी की ढोलवाल्याने ढोल टाकून नाक धरलं. "शुभ है, शुभ है," म्हणत नेते गाडीत बसले आणि काच वर केली. साहेबांनी लाल कापडात थोडी टरफलं बांधून घेतली. ती त्यांनी पुढे कुठे ठेवली कोण जाणे.

दोन आठवड्यांत रायपूरचा मालक येऊन थडकला, आपल्या प्लॉटवर ओटा पाहून भडकला आणि त्याने तो फोडून काढला. पावसाळा लागेपर्यंत कॉलनीचा कचरा परत जागेवर आला.

पुढच्या मार्चात जोडी आली. खोड नाही. मी नवऱ्याला सांगून पॅकिंगच्या फळ्यांचं एक खोकं करून घेतलं, भोक पाडलं, बाल्कनीत टांगलं. नीलकंठाने त्यात एकदा डोकावून पाहिलं आणि सोडून दिलं. मैनांनी मात्र वेळ घालवला नाही. जोडी चार-आठ दिवस घराघरांच्या भिंती तपासत फिरत होती. शेवटी त्यांनी साहेबांचं घर पसंत केलं. तिसऱ्या मजल्यावर एक जुना पाइप काढल्याचं भोक राहून गेलं होतं, बरोबर त्यांच्या मोठ्या दाराच्या वर.

मेमध्ये एका सकाळी साहेब मला दुधाच्या दुकानापाशी भेटले. पायी आलेले, डोक्यावर हेल्मेट.

"साहेब, गाडी कुठं हाये?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "मॅडम, कोणाले सांगू नका. लोक परत यायले लागले तर माझ्या घराचं काय होईल?"

"टिळा लागून राह्यला का रोज?"

"टिळा कायचा? चोच हाये, चोच! बायको मागच्या दारानं जाते. माझी बीपी वाढली." मग आवाज खाली आणून, "मिस्त्रीले बोलावून भोक बुजवू का?"

"आत पिल्लं हायेत, साहेब."

त्यांनी दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग राहू द्या," म्हणाले. "किती दिवस लागतात उडायले?"

"महिनाभर धीर धरा."

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी त्यांना बाल्कनीतून पाहायची. घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, खुर्ची टाकून, हेल्मेट घालून, मान वर करून बसलेले. एकदा त्यांनी तिथूनच फोन केला.

"मॅडम, आता आत गेला तो नर होता का मादी?"

"सांगता येत नाई साहेब. दोघं सारखेच दिसतात."

"मग त्यांचं त्यांना कसं समजते?"

मी म्हटलं, समजत असेल. त्यांनी फोन ठेवला नाही. तारेवर एक पक्षी चोचीत काहीतरी घेऊन बसला होता आणि साहेब हळू आवाजात सांगत होते, "नाकतोडा हाये वाट्टे. नाई, थांबा, सरडा हाये."